निकाली कुस्तीच्या बाजूने

(प्रस्तावना)

कुस्तीवर मराठीत छापून येतं ते बहुतेक दोन प्रकारचं. एक, नामवंत मल्लांची चरित्रं. दोन, मैदानाच्या दुसऱ्या दिवशीची बातमी : कोणी कोणाला कोणत्या डावावर किती मिनिटांत अस्मान दाखवलं. दोन्ही हवंच. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांनी तर ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढून व्यायामाची आणि मल्लविद्येची शिस्तशीर नोंद करून ठेवली. राहून गेलं ते शौकिनाचं मत. फडाच्या कडेला मांडी घालून बसणारा, पोरासोरांच्या पहिल्या जोडीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जागचा न हलणारा माणूस काय पाहतो, कशाला दाद देतो, कशावर चिडतो, हे फडावरून घरी जाताना बोललं जातं आणि घर आलं की संपतं. या पुस्तकातले लेख त्या बोलण्यातून आले आहेत. ते पैलवानाने लिहिलेले नाहीत, वस्तादाने लिहिलेले नाहीत. कुस्तीवर जीव असलेल्या एका प्रेक्षकाने लिहिलेले आहेत.

पुढच्या पानांवर वेगवेगळ्या कुस्त्यांबद्दल, शैलींबद्दल आणि कुस्तीतल्या पैशाबद्दल बरंच काही आहे. पण त्या सगळ्याच्या बुडाशी माझं म्हणणं एकच आहे. कुस्तीचं बरंवाईट जोड लावतानाच ठरतं. जोड तुल्यबळ असेल, ठरवून-सवरून लावलेली नसेल आणि निकाल लागेपर्यंत लढायची दोघांची तयारी असेल, तर पाचशे रुपयांची कुस्तीही माणसाला वर्षभर आठवते. जोड चुकली, तर लाखाचं इनाम आणि दोन गदाधारी पैलवान असूनही फड थंड पडतो. शैली कोणतीही असो, माती असो की गादी, एवढंच काय दूरचित्रवाणीवरची ठरवलेली झुंज असो, मी प्रत्येक कुस्ती याच मापाने मोजली आहे.

हे सगळं खामगावात बसून लिहिलं आहे, आणि त्याचा लेखांवर परिणाम झालेला आहे. कुस्ती म्हटलं की महाराष्ट्राचं तोंड कोल्हापूरकडे वळतं, आणि ते रास्तच आहे. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींच्या नावांना आजही वजन आहे. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर, १९६४ साली मारुती माने. आंदळकर आणि माने या दोघांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. एकाने ग्रीको-रोमनमध्ये सोनं घेतलं, दुसऱ्याने फ्रीस्टाइलमध्ये. हा इतिहास वाचताना वऱ्हाडातल्या माणसाची मान ताठ होते, कारण तो सगळ्या महाराष्ट्राचा आहे. पण त्यात आपल्या तालुक्याचं नाव शोधत गेलं की हाती फार काही लागत नाही.

म्हणून वऱ्हाड कुस्तीला परकं आहे असं मात्र नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तिचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचे रामदास तडस स्वतः विदर्भ केसरी. पुढे खासदार झाले आणि राज्याच्या कुस्ती संघटनेत मोठ्या पदावर बसले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली, नागपंचमी असो, गावची जत्रा असो की उरूस, आमदंगल ठेवण्याची रीत जुनी आहे. अकोला, जळगाव, जालना, बऱ्हाणपूर अशा चारी बाजूंनी पैलवान येतात. खामगाव हे कापसाचं आणि चांदीचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस बाजाराला आला की दंगल कुठे आहे ते चौकात त्याला कळतं.

इथे कुस्ती जोपासणं कोल्हापूरपेक्षा अवघड आहे, याचं पहिलं कारण पायाखालीच आहे. आपली जमीन काळी, कापसाची. ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की तिच्या भेगा पडतात आणि ढेकळं टोचतात. तीत कुस्ती होत नाही. हौद्यासाठी तांबडी माती बाहेरून आणावी लागते, चाळावी लागते, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवावी लागते आणि रोज खणावी लागते. एका ट्रॅक्टरची माती आणायची म्हटली तरी गावात चार जणांकडे हात पसरावे लागतात. ज्या गावात हौदा नीट राखलेला दिसतो, त्या गावात कोणीतरी एक वस्ताद पदरमोड करतो आहे असं खुशाल समजावं. या पुस्तकात अशा हौद्यांबद्दल मी आदराने लिहिलं आहे, कारण कुस्तीचा खरा खर्च तिथे होतो, फडात नाही.

मग २०१८ साल आलं. त्या डिसेंबरात जालन्याला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके आदल्या वर्षीचा विजेता. समोर माती विभागातून आलेला, बुलढाण्याच्या वतीने उतरलेला बाला रफीक शेख. बालाने ती कुस्ती ११-३ अशी जिंकली आणि बुलढाण्याच्या नावावर प्रथमच ती गदा लागली. जालना आपल्याला लागूनच. त्या रात्री जिल्ह्यात किती ठिकाणी गुलाल उधळला गेला असेल! आता त्यातली दुसरी बाजूही पाहायला हवी. बाला रफीक मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. तो घडला कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली आणि नंतर पुण्यात गणेश दांगटांच्या आखाड्यात. त्याच्या विजयाचा मला अभिमान आहे. जिल्ह्याने त्याला संधी दिली आणि त्याने जिल्ह्याला मान दिला, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी स्वच्छ होता. पण आपल्या मातीत तालीम करणारा पोरगा त्या उंचीवर का जात नाही, हा प्रश्न त्या गदेनेच माझ्यापुढे उभा केला. या पुस्तकातले निम्मे लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून लिहिलेले आहेत.

उत्तराची सुरुवात फडात जोड लागते तिथून होते, म्हणून ते जरा जवळून पाहू. ऊन उतरायला लागलेलं असतं. डफडं वाजत असतं. कमिटीचा जाणता माणूस पोरांना रांगेत उभं करतो, दोघांना पुढे ओढतो, खांद्याला खांदा लावून उंची बघतो, दंड चाचपतो, मान बघतो, कान बघतो. कान चुरगळलेला असला तर पोरगं मुरलेलं आहे. मग वस्तादांना विचारतो, किती वर्षं तालमीत आहे, मागच्या दंगलीत कोणाशी लढलं. मग दोघांचे हात धरून फडाला एक फेरी मारतो. ही फेरी म्हणजे प्रेक्षकांपुढे मांडलेला प्रस्ताव असतो. पब्लिकला पटलं नाही की आवाज येतो : “नाही जमत बा ते! त्या पोट्ट्याचं वजन जास्त हाये. दुसरा लाव!” जाणता माणूस अशा वेळी वाद घालत नाही. जोड मोडतो, दुसरा पोरगा बोलावतो. मग इनाम पुकारलं जातं, पोरं माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात, सलामी होते.

या पाच मिनिटांत प्रेक्षक हा पंचाच्याही आधीचा पंच असतो. आपल्याकडे हे फार जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ९०० वर्षांपूर्वी ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशा प्रतवाऱ्या लावलेल्या आहेत. राजाच्या करमणुकीसाठी का होईना, पण कोण कोणत्या पायरीचा हे आधी ठरवल्याशिवाय कुस्ती लावू नये, ही समज तेव्हाही होती. आज वजनकाटा आला आहे, वयाचे दाखले आले आहेत. पण गावच्या दंगलीत अजूनही नजरेवर काम चालतं आणि ती नजर असलेली माणसं कमी होत चालली आहेत.

आता शैलीकडे वळतो. माती श्रेष्ठ की गादी, हा वाद आपल्याकडे इतका रंगतो की त्यात कुस्ती मागे पडते. मी दोन्ही आवडीने पाहतो आणि दोन्हींकडून वेगळ्या अपेक्षा ठेवतो. फडातल्या मातीत पाय रुततो, चाल मंदावते, पकड घट्ट बसते. घामाने निसटणाऱ्या अंगावर माती टाकून हात रोवता येतो. लंगोटाला, जांघियाला हात घालता येतो आणि त्यावर घिस्स्यासारखे डाव उभे राहिलेले आहेत. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती झाली. त्याखाली काही मोजलं जात नाही. गादीवर पोशाखाला धरणं हा दोष. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर घालवलं की एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवला की दोन, थेट पाठीवर फेकलं की चार, आणि फेक उंचावरून झाली तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीवर ताकद आणि दम यांची परीक्षा होते, गादीवर पायांची आणि घड्याळाची. एकाच्या नियमाने दुसरीला नापास करण्यात अर्थ नाही.

दोन्हींमधलं अंतर किती आहे याचा दाखला गामा पैलवानाने घालून दिला आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याच्यापुढे पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को होता. तो गादीवर पालथा पडून राहिला आणि गामाला त्याला अडीच तासांहून जास्त वेळ उलथता आलं नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. ठरलेल्या पुढच्या तारखेला झिबिस्को आलाच नाही. हीच जोड १९२८ साली पतियाळाला मातीत पुन्हा लागली तेव्हा गामाने एक मिनिट पुरतं व्हायच्या आत त्याला चीत केलं. लोक ही गोष्ट गामाचा पराक्रम म्हणून सांगतात, आणि तो होताच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लंडनमधली कुस्ती बिघडली, कारण एकाने लढायचंच नाही असं ठरवलं होतं आणि नियमात त्यावर इलाज नव्हता. आज गादीवर अंग चोरणाऱ्याला पंच ताकीद देतात, तीस सेकंदांत काही करून दाखव म्हणून घड्याळ लावतात. ही सुधारणा गावच्या फडातही यायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आणि मातीतला डाव गादीवर चालत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी खाशाबा जाधव आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत आवळायची, त्याच्या हाताला पकड द्यायची, झटक्यात पाठ फिरवून आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि त्याचंच वजन वापरून त्याला अंगावरून पुढे टाकायचं. पाहताना हे एका क्षणात होतं. पण नीट बघितलं तर ढाकेची मेख कंबर घालायच्या आधीच्या अर्ध्या पावलात असते. ते पाऊल लहान पडलं तर कंबर मागे राहते आणि मारणाराच खाली सापडतो. हे अर्धं पाऊल रोजच्या तालमीत, मातीत, हजार वेळा टाकूनच बसतं. खाशाबांनी मातीत कमावलेलं गादीवर नेलं. म्हणून आपल्या पोरांना गादी मिळालीच पाहिजे, असं मी पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. पण हौदा बुजवून नव्हे.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांना कुस्तीची गोडी केबलवरून लागली. नव्वदच्या दशकात घरोघरी डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसू लागलं, पोरांच्या दप्तरात पैलवानांचे पत्ते आले, अंडरटेकर आणि हल्क होगन ही नावं शेगाव-खामगावच्या गल्ल्यांतही घेतली जाऊ लागली. वस्ताद मंडळी त्याला नाक मुरडत. मी त्यांच्या बाजूचा नाही. ती झुंज ठरवलेली असते हे त्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच मान्य केलं. हा खेळ नव्हे, करमणूक आहे, तेव्हा खेळाचे निर्बंध आम्हाला लावू नका, अशी तिची मागणी होती. त्याच्याही आधी मुंबईने दारासिंग आणि सुमारे दोनशे किलोच्या किंग काँगच्या झुंजींना गर्दी केली होती, आणि मे १९६८ मध्ये मुंबईतच दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा देशभर जल्लोष झाला होता.

ठरवलेल्या झुंजीतही चांगली आणि वाईट असा फरक असतोच, आणि तो करण्याची नजर मला याच फडाने दिली. १९९७ च्या रेसलमेनियात ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची झुंज पाहा. रक्तबंबाळ ऑस्टिन पकडीत शुद्ध हरपतो, पण हार मानत नाही. झुंज सुरू होताना लोक हार्टच्या बाजूला होते, संपताना ऑस्टिनच्या. २००९ साली ह्यूस्टनला शॉन मायकल्स आणि अंडरटेकर यांनी जे केलं, त्यात दोघांचा परस्परांवरचा विश्वास दर फेकीत दिसतो; समोरच्याची मान सांभाळून त्याला आपटणं हे सोपं काम नाही. तिथेही जोड लावणारा कोणी जाणता माणूस असतो. तीही जोड जमली तरच झुंज जमते. निकाल आधी ठरलेला आहे हे उघड सांगून जो मेहनत करतो, त्याला मी सलाम करतो.

माझा राग आहे तो नुरा कुस्तीवर. निकाली कुस्ती म्हणून पुकारायचं, वर्गणी गोळा करायची, लोकांना उन्हात बसवायचं आणि दोन पैलवानांनी आधी ठरवून हात-पाय हलवत वेळ काढायचा. याला करमणूक म्हणता येत नाही आणि कुस्तीही म्हणता येत नाही. अशा वेळी फडातून आवाज येतो, “काहून अडकून बसला रे? पट काढ!” तो आवाज काढणाऱ्याला कुस्ती कळते. त्याच्या खिशातले पैसे त्या इनामात असतात. त्याला फसवणं म्हणजे पुढच्या वर्षीची दंगल कमी करणं, आणि अनेक गावांत दंगली बंद पडल्या त्या अशाच.

इथून पुस्तकाचा तिसरा भाग, पैशाचा. पैलवान घडवणं महाग आहे. दूध, तूप, बदाम, फळं, मांसाहार करणाऱ्याला मटण-अंडी, तालमीची फी, राहायची सोय, दुखापत झाली तर दवाखाना. हे बारा महिने चालतं आणि कमाई होते ती जत्रांच्या चार-पाच महिन्यांत. शेतकऱ्याच्या घरातला बाप कापूस विकून पोराला पुण्या-कोल्हापूरला ठेवतो तेव्हा तो किती मोठा जुगार खेळतो, हे कापसाचा भाव माहीत असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला आता गदेबरोबर चारचाकी मिळते. २०१८ साली ‘झी टॉकीज’ने लीग भरवली, तीत ‘विदर्भाचे वाघ’ नावाचा संघही होता. शिखरावर पैसा आला आहे, याचा मला आनंद आहे. पण पायथा आणि शिखर यांच्या मधली वाट ओस आहे.

गावच्या दंगलीत हे लख्ख दिसतं. कमिटीकडे जमलेल्या वर्गणीतला मोठा वाटा एका पहिल्या नंबरच्या कुस्तीवर जातो. पोस्टरवर दोन मोठे फोटो छापता येतात, पाहुण्यांना मान देता येतो. ते दोन पैलवान त्या हंगामात दहा ठिकाणी लढणार असतात. इथे धोका पत्करून गुडघा घालवण्यात त्यांचं नुकसान असतं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांचा हिशोब बरोबर आहे. चुकतो तो कमिटीचा हिशोब. निकाल लागो न लागो, पैसे तेवढेच, अशी बोली केली तर निकाल कशाला लागेल? आणि ज्या पोरांनी दुपारभर जीव तोडून कुस्त्या केल्या, त्यांना मिळतो नारळ आणि गाडीभाड्याला पुरतील एवढ्या नोटा.

यावर मी सुचवलेले उपाय साधे आहेत. मोठ्या कुस्तीचं इनाम दोन भागांत ठेवावं : एक येण्याबद्दल, दुसरा फक्त निकाल लागल्यावर. वेळ किती, वेळेत चीत झाली नाही तर गुणांवर किती मिनिटं, हे सलामीच्या आधी ध्वनिक्षेपकावर सांगावं. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी फडातल्या माणसाला डाव समजावून सांगायची मोठी परंपरा घालून दिली आहे. नियम समजावून सांगणंही त्याच आवाजाचं काम आहे. आणि वर्गणीतला निम्मा हिस्सा तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या पोरांच्या जोडींसाठी राखून ठेवावा. दहा हजारांच्या पाच कुस्त्या लागल्या तर पाच घरांत पुढच्या महिन्याचा खुराक येतो.

वरच्या पातळीवरचा गोंधळही मी टाळलेला नाही. महाराष्ट्र केसरी ही १९६१ साली औरंगाबादला सुरू झालेली स्पर्धा. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. इतक्या जुन्या मानाचे २०२३ च्या नोव्हेंबरात दोन तुकडे झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे, आणि एकाच महिन्यात राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. फुलगावला सिकंदरने शिवराजला झोळी डावावर काही सेकंदांत चीत केलं, ती कुस्ती पाहताना अंगावर काटा आला होता. पण संघटनांच्या भांडणाने त्या गदेचं वजन हलकं केलं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला निकालावरून वाद झाला, शिवराजने पंचाला लाथ मारली, त्याच्यावर आणि त्याच स्पर्धेतल्या महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उगारणं अक्षम्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वादग्रस्त क्षण चित्रफितीवर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर तपासला गेला असता, तर गोष्ट त्या थराला गेली नसती असंही मला वाटतं. निकाली कुस्ती हवी असेल तर निकाल देणाराही निर्विवाद हवा.

याच काळात एक चांगली गोष्टही घडली आणि तिच्यासाठी मी स्वतंत्र लेख ठेवला आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं. गावच्या दंगलीत आता मुलींच्या जोडी लागतात. तिथे माझा आग्रह आणखी कडक आहे. मुलींची संख्या कमी म्हणून भलतीच जोड लावायची आणि लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवायच्या, हे मला मान्य नाही. त्यांनाही तुल्यबळ जोड, तेवढंच इनाम आणि तेवढीच टीका मिळाली पाहिजे.

पुस्तकाची मांडणी या प्रस्तावनेच्याच क्रमाने आहे : आधी कुस्त्या, मग शैली, मग व्यवहार. कुस्त्यांवरचे लेख सुटे वाचता येतील. मी जिथे एखाद्या पैलवानावर टीका केली आहे ती त्याच्या त्या दिवसाच्या कुस्तीवर आहे, माणसावर नाही. माझी मतं काहींना झोंबतील. विशेषतः बरोबरीत सुटलेल्या ज्या कुस्त्यांना लोक अजून अजरामर म्हणतात, त्यांतल्या काहींना मी रटाळ म्हटलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर भांडावं. फडावर भांडणारा प्रेक्षक असेल तर कमिटीला जोड नीट लावावी लागते.

बुलढाण्याच्या नावाची गदा एकदा येऊन गेली आहे. दुसरी गदा याच जिल्ह्यात वाढलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या खांद्यावर यायची असेल, तर त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन राखलेले हौदे, त्यांच्या शेजारी एक गादी, वर्षाकाठी आठ-दहा प्रामाणिक दंगली आणि त्यांत वाटून दिलेलं इनाम. खामगाव, नांदुरा, मोताळा, चिखली, मेहकर, कोणत्याही गावच्या जत्रा कमिटीला हे आपल्या वर्गणीतून करता येण्यासारखं आहे. हे पुस्तक मी मुख्यतः त्या कमिट्यांच्या हाती जावं म्हणून लिहिलं आहे. पुढच्या हंगामात एका जरी गावाने पहिल्या नंबरचं इनाम निम्मं करून बाकीचं खालच्या जोडींत वाटलं, तर त्या गावात दुपारपासून लोक जागा धरून बसतील, आणि पाच-सात वर्षांत तिथून एक मल्ल निघेल, याची मला खात्री आहे.